जुन्या जीपच्या वायरिंगमधला पुन्हा पुन्हा उलटणारा दोष: बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग मोजा

दापोलीजवळच्या आमच्या बागेत १९९४ सालची एक डिझेल जीप आहे. आंब्याच्या पेट्या, खताची पोती आणि अडीअडचणीला घरची माणसे अशी सगळी ने-आण तीच करते, आणि समुद्र जवळ असल्यामुळे वर्षाचे बाराही महिने तिच्या पत्र्यावर खारा वारा बसतो. गेल्या तीन पावसाळ्यांत या जीपच्या वायरिंगने आम्हांला बरेच नाचवले. कधी सकाळी सेल्फ मारला की ‘टक्’ असा एकच आवाज येऊन सारे शांत होई. कधी इंजिन व्यवस्थित सुरू होई, पण हेडलाइट लावताच तापमानाचा काटा उगाच वर सरके. आणि कधी ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर कोणी न सांगता मंद पेटे. पहिल्या पावसाळ्यात आम्ही बॅटरी बदलली, दुसऱ्या पावसाळ्यात स्टार्टर उघडून त्याचे कार्बन ब्रश आणि बुश नवे घातले. दोन्ही वेळा चार-सहा आठवडे सुखाचे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

या चार-सहा आठवड्यांच्या सुखानेच आमची फसगत केली. बॅटरी किंवा स्टार्टर बदलायचा म्हणजे टर्मिनल सोडावी लागतात, लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) घासले जातात, नट पुन्हा आवळले जातात. जोडावरचा गंज तेवढ्यापुरता मोडतो, गाडी चालू लागते आणि श्रेय मात्र नव्या वस्तूला मिळते. दोष जोडात होता आणि जोडाला हात लागल्यामुळे तो तात्पुरता गेला, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. कोणताही विद्युत दोष दुरुस्तीनंतर दीड महिन्याने हुबेहूब परत आला, तर बदललेली वस्तू बहुधा निर्दोष होती असे आता मी धरून चालतो.

उलगडा झाला तो स्टॉप केबलमुळे. जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठी डॅशबोर्डवरची एक मूठ ओढावी लागते. तिची पोलादी तार फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून, जाऊन थेट डिझेल पंपाच्या लिव्हरला अडकवलेली असते. जुलैतल्या एका सकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारून झाल्यावर माझा हात सहज त्या मुठीला लागला आणि चटका बसला. बॉनेट उघडले, तर केबलवरचे काळे प्लास्टिक फायरवॉलच्या भोकापाशी वितळून खाली ओघळले होते, आतली स्प्रिंगसारखी नळी उघडी पडून निळसर झाली होती, आणि जळक्या प्लास्टिकचा वास अजून दरवळत होता. ज्या केबलचा विजेशी काडीचाही संबंध नाही, ती केबल विजेने तापली होती.

कारण समजायला सोपे आहे, पण एकदा डोळ्यांसमोर यावे लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ते चॅसीपासून तुटलेले असते. आमच्या जीपमध्ये बॅटरीची निगेटिव्ह केबल चॅसीला जोडलेली आहे, आणि चॅसीपासून इंजिनपर्यंत तांब्याच्या तारांची वेणीसारखी विणलेली एक पट्टी आहे. स्टार्टरचा अर्थ, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परतण्याची वाट, इंजिनच्या बॉडीतून मिळतो, म्हणून डिझेल इंजिन फिरवताना लागणारा दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह त्या एका पट्टीतून परत यावा लागतो. आमची पट्टी वरून धडधाकट दिसत होती. लगच्या आत मात्र तारांची हिरवी माती झाली होती. मुख्य रस्ता बंद पडला की प्रवाह मिळेल त्या पायवाटेने जातो, आणि इंजिनपासून डॅशबोर्डच्या पत्र्यापर्यंत जाणारी पायवाट म्हणजे ती स्टॉप केबल. पेट्रोल गाड्यांत हीच पाळी चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलवर येते. अशी एखादी केबल अकारण जड झाली असेल किंवा तिचे आवरण वितळलेले दिसले, तर इंजिनची अर्थिंग पट्टी आधी पाहावी.

तापमानाच्या काट्याचेही कोडे येथेच सुटले. त्या मीटरला अर्थ मिळतो डॅशबोर्डच्या पत्र्यातून, तर त्याच्या सेन्सरला मिळतो इंजिनमधून. हेडलाइट लावले की त्यांचा प्रवाह चॅसीतून अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर बसवलेल्या वीज तयार करणाऱ्या यंत्राकडे, परत निघतो, त्याच सडक्या पट्टीवर अडतो, आणि इंजिनचा ‘शून्य’ व बॉडीचा ‘शून्य’ यांत फरक पडतो. मग काटा खोटे सांगू लागतो. आम्ही मात्र त्या काट्यावर विश्वास ठेवून रेडिएटरची सफाई करून घेतली होती!

मोजमाप कसे करावे

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब) आणि मदतीला एक माणूस एवढे पुरते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर व्होल्टेज पाहावे: पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे ती अर्ध्यावर आली आहे, आणि ११.९ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच घुटमळत असेल, तर सहापैकी एक सेल बसला असण्याचा संभव मोठा; अशा वेळी बॅटरी बदलण्याला पर्याय नाही. येथे पहिली अट अशी की, बॅटरी चार्ज असल्याशिवाय पुढचे कोणतेही मोजमाप करू नये, कारण त्यातून निघणारे आकडे दिशाभूल करतात.

आता गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढावा, आणि मदतनिसाने स्टॉपची मूठ ओढून धरून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही अशा बेताने, चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. त्या वेळी बॅटरीच्या खुंटांवरचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळले, तर दोष बॅटरीत किंवा स्टार्टरमध्ये शोधावा. उलट ते अकराच्या वर टिकून राहिले आणि तरीही स्टार्टर रडत-कुंथत फिरत असेल, तर बॅटरी द्यायला तयार आहे पण वाटेत कोणीतरी अडवते आहे, हे निश्चित. आमचा आकडा ११.५ होता, आणि तो पाहिल्यावर पहिल्या पावसाळ्यात भंगारात दिलेली बॅटरी आठवून मला मनस्ताप झाला.

वाटेतला चोर पकडण्याची रीत अशी. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे वरच्या क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खुंटावर, टेकवावी आणि लाल पिन इंजिनच्या घासलेल्या धातूवर धरावी. सेल्फ मारताना येथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसावे. आमच्याकडे २.८ दिसले. मग लाल पिन टप्प्याटप्प्याने मागे आणत गेलो: पट्टीचा चॅसीकडचा बोल्ट, बॅटरी केबलचा चॅसीवरचा लग, शेवटी क्लॅम्प. ज्या दोन बिंदूंच्या दरम्यान आकडा एकदम पडतो, त्यांच्यामध्ये दोष असतो. आमच्याकडे तो पट्टीच्या दोन टोकांत पडला. पॉझिटिव्ह बाजू याच पद्धतीने, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत तपासावी. तेथे अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक चालतो.

पुष्कळ कारागीर मीटर ओहमवर ठेवून वायरची दोन टोके ‘वाजवून’ पाहतात आणि वायर चांगली असल्याचा निर्वाळा देतात. हेडलाइट किंवा स्टार्टरच्या बाबतीत ही परीक्षा कुचकामी आहे. पन्नास तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो, कारण त्याला लागणारा प्रवाह नगण्य असतो. खरा भार पडल्यावर मात्र ती एक तार काहीच वाहू शकत नाही. हिशेबच करायचा, तर २०० अँपिअरच्या वाटेवर ओहमच्या केवळ शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात, आणि ओहमचा शंभरावा भाग साध्या मीटरला दिसतसुद्धा नाही. म्हणून जुन्या गाडीत भार चालू ठेवूनच व्होल्टेजची घट मोजावी.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची विद्युतव्यवस्था मुळात ६ व्होल्टची होती, आणि तशीच जपलेली एखादी गाडी कोणाकडे असेल तर त्याने जोडांबाबत अधिकच काटेकोर राहावे. त्याच वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे त्याच गंजलेल्या जोडावर दुप्पट व्होल्टेज पडते, आणि ते जाते निम्म्या पुंजीतून. जुन्या लँड रोव्हरच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: १९६७च्या आधीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट बॉडीला जोडलेला असतो. सवयीने निगेटिव्ह अर्थ केला आणि मध्येच कोणी अल्टरनेटर बसवला असेल, तर त्याचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात.

पट्टी बदलताना

बॅटरीची बॉडीकडची केबल आधी सोडावी आणि शेवटी लावावी. हा क्रम पाळला की पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवर जमलेली पांढरी-निळसर भुकटी गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने सहज निघते, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. नवी पट्टी बसवायच्या जागी रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, आणि त्यानंतर वरून व्हॅसलीनचा जाड थर द्यावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून लावायचे असते, कारण ते ओल अडवण्यासाठी आहे. मी मूळ पट्टीखेरीज बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून थेट स्टार्टर इंजिनला आवळणाऱ्या बोल्टपर्यंत (पॉझिटिव्ह केबलच्या बोल्टपर्यंत नव्हे) आणखी एक जाड केबल टाकली. कारखान्याने ती दिलेली नव्हती, हे खरे. पण तीस वर्षांच्या चॅसीच्या रिबीटांवर दोनशे अँपिअरचा भरवसा ठेवण्यापेक्षा दोन मीटर केबलचा खर्च मला परवडला.

हे झाल्यावर सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरी यांतला फरक ०.१२ व्होल्ट आला. आणखी एक फायदा झाला, तो मला अपेक्षित नव्हता. अल्टरनेटरचा रेग्युलेटर स्वतःच्या बॉडीच्या तुलनेत चौदा-सव्वाचौदा व्होल्ट राखत होता, पण सडक्या पट्टीपायी हेडलाइट लावल्यावर बॅटरीच्या खुंटांवर जेमतेम १३ पोचत होते. नवी बॅटरीसुद्धा कधी पोटभर चार्ज झाली नव्हती! इंजिन थोडे रेसवर ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसले म्हणजे चार्जिंग ठीक समजावे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि बॅटरीतले पाणी वारंवार कमी होणे ही त्याची दुसरी खूण.

मागच्या दिव्यांचे भूत

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटणे किंवा पार्किंग लाइट लावल्यावर ब्रेकचा दिवा अर्धवट तेवणे, याला आमच्याकडे सरसकट ‘वायरिंग शॉर्ट झाली’ असे म्हणतात. हा शॉर्ट बहुधा नसतोच. मागच्या दिव्यांच्या संचाला एकच सामाईक अर्थ असतो. तो तुटला की ब्रेकच्या दिव्याचा प्रवाह शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून त्याच्या वायरीने दुसरीकडचा अर्थ गाठतो. परीक्षा एका मिनिटाची आहे: दोन टोकांना चिमटे असलेली वायर घेऊन एक चिमटा दिव्याच्या होल्डरच्या धातूला आणि दुसरा चॅसीच्या स्वच्छ बोल्टला लावावा. भूत पळाले, तर अर्थ बदलावा. आमच्या जीपमध्ये दिव्याला अर्थ मिळत होता तो मागच्या पत्र्यात घुसवलेल्या स्क्रूमधून, आणि त्या स्क्रूभोवतीचा पत्राच गंजून पापडासारखा झाला होता. तेथे नवा स्क्रू मारण्याऐवजी मी होल्डरपासून चॅसीपर्यंत स्वतंत्र वायर ओढली.

रात्रीत उतरणारी बॅटरी

एवढे होऊनही दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ थकलेलाच असे. म्हणजे दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला दोष शिल्लक होता. जुन्या गाडीत दोष एकेकटे राहत नाहीत, आणि एक सापडला म्हणून शोध थांबवला की माणूस फसतो.

सर्व काही बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडावी आणि खुंट व केबल यांच्यामध्ये आधी टेस्ट लॅम्प धरावा. तो ठळक पेटला, तर गळती मोठी आहे आणि मीटर लावण्याची घाई करू नये. लॅम्प पेटत नसेल, तर मीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये पिन घालून तेथेच जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज, आणि प्रसंगी मीटरही, गेला म्हणून समजा. ज्या जीपमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नावालाही नाही, तिच्यात हा आकडा शून्याच्या जवळ हवा. म्युझिक सिस्टीम असेल तर ५० मिलिअँपिअरपर्यंत चालेल. आमच्याकडे ३०० दिसले. आकडा किरकोळ वाटतो, पण चोवीस तासांत तो ७ अँपिअर-अवरहून अधिक खातो, म्हणजे पूर्ण भरलेली ७५ अँपिअर-अवरची बॅटरीही पाच दिवसांत अर्ध्यावर येते. आमची तर अर्धपोटीच असल्याने तिसऱ्या दिवशीच मान टाकत असे.

मग एकेक फ्यूज काढत मीटरकडे पाहत राहिलो. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा हलला नाही. फ्यूजबॉक्सला वळसा घालून बॅटरीशी थेट जोडलेल्या गोष्टी मोजक्याच असतात: स्टार्टर, अल्टरनेटरची जाड वायर, आणि मधल्या मालकाने हौसेने बसवून घेतलेल्या वस्तू. अल्टरनेटरची वायर सोडून आकडा शून्यावर आला असता, तर त्याचा डायोड गळका ठरला असता. तसे झाले नाही. शेवटी बंपरवरच्या फॉगलाइटची वायर माग काढत गेलो, तर ती फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर घेतलेली निघाली, आणि तिचा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) ग्रिलमागे उलटा लटकत होता. पिना वरच्या बाजूला असल्याने पावसाचे पाणी त्यांच्यामध्ये साचले होते आणि पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या ओल्या मिठातून प्रवाह झिरपत होता. उन्हाळ्यात हा दोष दिसत नसे, याचा अर्थ तेव्हा लागला. रिले नेहमी पिना खाली करून, आणि शक्य तर फायरवॉलवर उंच बसवावा.

जुन्या वायरिंगचा तपास म्हणजे मूळ वायरिंगपेक्षा नंतरच्या मंडळींच्या करामतींचाच तपास अधिक असतो. डॅशबोर्डखाली मला घरगुती वायरिंगची जाड तारांची वायर सापडली, जी हादऱ्यांनी जोडापाशी तुटते. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेले सात जोड सापडले, ज्यांच्या टेपचा डिंक उन्हाने चिकचिकीत होऊन सुटला होता. आणि एका काचेच्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडली. शेवटचा प्रकार पाहिल्यावर तो दुरुस्त होईपर्यंत मी गाडी जागची हलवली नाही. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. तेथे चांदी लावली की फ्यूजचे काम वायरीला करावे लागते, आणि ती ते पेटून करते. फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याच्या जागी टेस्ट लॅम्प जोडून वायरिंगचा जुडगा ठिकठिकाणी हलवून पाहावा. ज्या ठिकाणी हलवल्यावर लॅम्प ठळक होतो, तेथे वायर पत्र्यावर घासली गेली आहे. फायरवॉलच्या भोकातले रबरी ग्रोमेट झिजले की हे हमखास होते. पावसाळ्यात उबेला येणारे उंदीरही हाच उद्योग करतात, आणि त्यांनी कुरतडलेली जागा नेहमी हात न पोचणाऱ्या कोपऱ्यातच असते.

हेडलाइटच्या मंद उजेडाबद्दल थोडक्यात. ६०/५५ वॉटचे दोन बल्ब लो बीमवर सुमारे ९ अँपिअर घेतात, आणि अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह डॅशबोर्डचा स्विच व डिपर यांतून फिरून पुढे येतो. बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के कमी पोचले, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून १००/९० वॉटचे बल्ब घालून स्विच वितळवण्याआधी बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या तुलनेत एक व्होल्टहून अधिक घट असेल, तर बॅटरीपासून फ्यूज घेऊन अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरने लो आणि हाय बीमसाठी दोन रिले बसवावेत: ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५ ला अर्थ आणि ८६ ला जुन्या स्विचची वायर. जुना स्विच मग केवळ रिले चालवतो आणि त्याचे आयुष्यही वाढते. आमच्याकडे घट १.९ व्होल्टची होती, आणि रिले बसवल्यावर जुन्याच बल्बांनी घाटातले वळण आधीपेक्षा लांबून दिसू लागले.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी आता एक कागद चिकटवून वर प्लास्टिकची पट्टी लावली आहे. त्यावर तारखेसह चार आकडे आहेत: सकाळचे १२.६, सेल्फ मारताना अर्थिंगची घट ०.१२, चार्जिंगचे १४.१ आणि उभ्या गाडीची गळती ०.०१ अँपिअर. दर मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी, हे चारही आकडे पुन्हा घेतो. यंदा अर्थिंगचा आकडा ०.१८ आला, म्हणून चॅसीकडचा बोल्ट सोडून, घासून पुन्हा आवळला आणि खाली नवी ओळ लिहिली.